छोटा कॅमेरा घेताना काय पाहावे?

कर्जत तालुक्यातील एका माध्यमिक शाळेचे विज्ञान-शिक्षक मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आले होते. शाळेच्या निसर्गमंडळाला कॅमेरा घ्यायचा होता. मुलांनी वर्गणी काढली, काही पालकांनी भर घातली आणि सहा हजार रुपये जमले. काम ठरलेले होते. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात दर महिन्याला एक फेरी मारायची आणि दिसलेल्या कळपात नर किती, माद्या किती, पाडसे किती याची नोंद फोटोसह ठेवायची. सरांच्या मोबाईलवर एक जाहिरात होती : ‘४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम, फक्त साडेपाच हजार’. कंपनीचे नाव मी कधी ऐकलेले नव्हते. “घेऊन टाकावा का?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधताना आमचा दीड तास गेला आणि दहावीच्या पुस्तकातील भिंगाचा धडा पुन्हा उघडावा लागला. तो सारा हिशेब येथे मांडतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. स्नेहसंमेलन, प्रयोगशाळेतील मांडणी, झाडाचे पान, फळ्यावरील आकृती यांचे फोटो आजचा साधा मोबाईलही चांगले काढतो. त्यासाठी वर्गणी खर्च करू नये, असे माझे मत आहे. मोबाईल अडतो तो दूरच्या वस्तूपाशी, आणि काळवीट ही दूरचीच वस्तू. रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. पण गवताळ माळावरचा हा प्राणी माणूस जवळ आलेला खपवून घेत नाही. शिवाय येथे तपशिलाला महत्त्व आहे. पूर्ण वाढलेला नर पाठीवर काळा असतो, तो लांबूनही ओळखता येतो. तरुण नर मात्र मादीसारखाच तपकिरी दिसतो. त्याला ओळखायचे ते शिंगांवरून, कारण मादीला बहुधा शिंगे नसतात. फोटोत शिंगे दिसली नाहीत, तर मुलांची सगळी मोजणीच चुकणार.

आता हिशेब. कळप आपल्यापासून ६० मीटरवर आहे आणि काळविटाच्या शरीराची लांबी १.२ मीटर आहे, असे धरू. वस्तू फार दूर असली की तिची प्रतिमा भिंगाच्या नाभीपाशीच पडते, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा समरूप त्रिकोणांवरून,

प्रतिमेची लांबी = वस्तूची लांबी × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर.

छोट्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर झूम न करता साधारण ४.५ मिलिमीटर असते. मग प्रतिमा झाली १.२ × ४.५ ÷ ६० = ०.०९ मिलिमीटर. म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढ्या जागेत अख्खे काळवीट!

ही प्रतिमा जिच्यावर पडते ती प्रकाश टिपणारी चकती म्हणजे सेन्सर. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात ती बहुधा ६.२ मिमी लांब आणि ४.६ मिमी रुंद असते. करंगळीच्या नखावर सहज मावेल. (तिचे माप ‘१/२.३ इंच’ असे छापतात. ते काही तिच्या कर्णाचे माप नव्हे. कर्ण भरतो पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. टेलिव्हिजन-कॅमेऱ्यात पूर्वी काचेच्या नळ्या वापरीत, त्यांच्या व्यासावरून मापे सांगण्याची ही चाल पुढेही चालू राहिली.) या चकतीवर ४००० स्तंभ आणि ३००० ओळींत बारीक घरे आखलेली असली, तर एकूण १ कोटी २० लाख घरे झाली. हाच १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा. एका घराची, म्हणजे पिक्सेलची, लांबी येते ०.००१५५ मिमी. आपले काळवीट अशा ५८ घरांत बसते. त्यात शिंगाच्या वाट्याला एखाददुसरे घर आले तर आले.

झूम करून नाभीय अंतर दहापट, म्हणजे ४५ मिमी केले, तर प्रतिमाही दहापट मोठी होते : ०.९ मिमी, ५८० घरे. आता शिंग दिसेल. हा खरा झूम. यात भिंगे एकमेकांपासून पुढे-मागे सरकतात आणि नाभीय अंतर प्रत्यक्ष बदलते.

जाहिरातीतला ‘१६ पट’ झूम तसा नव्हता. तळटीप वाचली तेव्हा तो ‘डिजिटल’ असल्याचे कळले. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून तो ताणून दाखवणे. लांबीत १६ वा भाग राखला की क्षेत्रफळात २५६ वा भाग उरतो. १ कोटी २० लाखांना २५६ ने भागा. सुमारे ४७,००० घरे राहतात. १९७५ साली कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच्या चित्रात १०,००० घरे होती आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आपल्या १६ पट झूमच्या चित्रात त्याच्या पाचपटही घरे नाहीत.

“पण यात तर ४८ मेगापिक्सेल आहेत,” सर म्हणाले. येथेच बहुतेक जण फसतात.

पावसाळ्यात अंगणात एक परात ठेवली आणि तेवढ्याच जागेत दाटीवाटीने वाट्या मांडल्या, तर जमणारे एकूण पाणी जवळजवळ तेवढेच. फक्त प्रत्येक वाटीत थोडे थोडे. प्रकाशही फोटॉन नावाच्या कणांच्या रूपात पडतो आणि थेंबांप्रमाणेच त्यांची संख्या कमीजास्त होते. सरासरी १०,००० फोटॉन पडणाऱ्या घरात साधारण १०० चा फरक पडतो, म्हणजे शेकडा १. सरासरी १०० पडत असतील तर फरक १० चा, म्हणजे शेकडा १०. हाच फरक चित्रात रांगोळीच्या कणांसारखा दिसतो. संध्याकाळी काढलेल्या फोटोत काळ्या भागावर तो हमखास उठतो. सेन्सर तेवढाच ठेवून घरे वाढवली, की घरटी प्रकाश कमीच मिळतो.

दुसरी अडचण प्रकाशाच्या तरंगस्वरूपातून येते. भिंग कितीही निर्दोष असले, तरी विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू नसते. ती छोटी तबकडी असते. तिचा व्यास २.४४ × तरंगलांबी × भिंगाचा एफ-अंक इतका असतो. एफ-अंक म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. पूर्ण झूमवर स्वस्त कॅमेऱ्याचा एफ-अंक ६.३ च्या आसपास असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिमी घेतली, तर तबकडी ०.००८५ मिमीची येते. ती १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातही ओळीने पाचसहा घरे व्यापते. त्याच चकतीवर २० मेगापिक्सेल केले तर सात घरे व्यापील. घरे वाढली, तपशील वाढला नाही. कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांत तर ४८ मेगापिक्सेल प्रत्यक्षात नसतातच. कमी घरांच्या चित्रात मधली घरे अंदाजाने भरून आकडा फुगवलेला असतो. वर्तमानपत्राचे पान भिंतीला लावून दोन मीटरवरून एकदा १२ वर आणि एकदा ४८ वर फोटो घ्या, आणि संगणकावर अक्षरे मोठी करून पाहा. दुसऱ्या फोटोत अक्षरे अधिक स्पष्ट नसतील, तर काय ते समजा.

नामांकित कंपन्यांनी स्वस्त छोटे कॅमेरे बनवणे आता बरेचसे थांबवले आहे. त्यामुळे सरांना मी वापरलेला कॅमेरा पाहायला सांगितले आणि दुकानात काय तपासायचे ते चिठ्ठीवर लिहून दिले. भिंगाच्या कडेवर कोरलेले आकडे वाचावे. ‘४.५–४५ मिमी १ : ३.२–६.३’ असे असेल, तर झूम १० पट. (जाहिरातीत कधी २५–२५० मिमी लिहितात, ती जुन्या ३६ × २४ मिमीच्या फिल्मशी तुलना आहे, आपल्या सूत्रात वापरू नये.) टॉर्च तिरपा धरून भिंगात बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. बॅटरी फुगलेली नको. पेन्सिल-सेलवर चालणारा मिळाला तर खेड्यात सोयीचा. मेमरी कार्ड सोबत न्यावे, कारण फार जुने कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचत नाहीत.

सरांनी नगरच्या बाजारातून १२ मेगापिक्सेल आणि १० पट झूमचा जुना कॅमेरा घेतला. पहिल्या फेरीचे फोटो मात्र सगळे हललेले निघाले! कारण वरच्या कोरीव आकड्यांतच आहे. एफ-अंक ३.२ वरून ६.३ वर गेला की प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून शटर चौपट वेळ उघडे राहते; आणि प्रतिमा दहापट झाली तशी हाताची थरथरही दहापट होते. दुसऱ्या खेपेस मुलांनी पिशवीत निम्मी ज्वारी भरून नेली, ती दगडावर ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा रुतवला. त्या फोटोंत दोन तरुण नर सापडले. पहिल्या फेरीत मुलांनी अशांना माद्यांत धरले होते की काय, हे आता कोण सांगणार?

तुमच्याकडे असा कॅमेरा असेल तर पुढचे उदाहरण करून पाहा. चंद्राचा व्यास ३,४७६ किमी आणि अंतर सुमारे ३,८४,००० किमी आहे. ४.५ मिमी आणि ४५ मिमी नाभीय अंतराला चंद्रबिंब किती पिक्सेल रुंद येईल, ते आधी कागदावर काढा. मग पौर्णिमेच्या रात्री ज्वारीची पिशवी घेऊन गच्चीवर जा, फोटो काढा आणि संगणकावर प्रत्यक्ष पिक्सेल मोजा.