मोटारीच्या चाकाची थरथर व स्टिअरिंगचा आवाज

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला. अशा सपाट रस्त्यावरही मोटारीचे स्टिअरिंग थरथरत असेल, तर रस्त्यास दोष देता येत नाही. वऱ्हाडात पावसाळ्यात प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे काळ्या मातीचा चिखल होय. पांदणीतून शेतावर जाणाऱ्या गाडीच्या चाकाला तो आतून चिकटतो, वाळून घट्ट होतो आणि चाकाचा तोल बिघडतो. वेग वाढताच थरथर सुरू होते. ही माती बाहेरून दिसत नसल्याने चांगले सुटे भागही विनाकारण बदलले जातात. ती खरवडून चाक धुतल्यास पुष्कळदा तेवढ्याने भागते. न भागल्यास हवेचा दाब तपासून चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे.

थरथर केवळ ब्रेक दाबतानाच जाणवल्यास ब्रेकची तबकडी पाहावी. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. परंतु खड्ड्यात ठक् असा आवाज येऊन स्टिअरिंगही ढिले लागत असेल, तर मुळीच हयगय करू नये. टाय रॉडचा सांधा निखळल्यास चाक ताब्यात राहत नाही. अशी गाडी चालवीत शहरात नेण्याऐवजी मिस्त्रीसच जागेवर बोलवावे.