गिरसप्पाचा धबधबा

सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट अरण्यातून शरावती नदी वाहत येते. कर्नाटकातील अंबुतीर्थ येथे ती उगम पावते आणि होन्नावरजवळ अरबी समुद्रास मिळते. वाटेत एके ठिकाणी मात्र तिच्या पायाखालची भूमीच एकाएकी संपते आणि सारा प्रवाह २५३ मीटर खोल दरीत उडी घेतो. हाच जोगचा अथवा गिरसप्पाचा धबधबा होय. एकावर एक तीन कुतुबमिनार रचले, तरी ते या कड्याच्या माथ्यास पोहोचणार नाहीत!

दरीच्या पलीकडे, धबधब्याच्या अगदी समोर, तो पाहण्याची जागा आहे. पावसाळ्यात प्रवासी तेथे उभा राहतो, तेव्हा पुष्कळदा त्याला प्रथम काहीच दिसत नाही. दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असते; गंभीर घोष तेवढा कानी पडतो. मग वाऱ्याची झुळूक येते, धुक्याचा पडदा सरतो आणि चार धारा दृष्टीस पडतात. ‘राजा’ मोठ्या डौलाने कड्यावरून सरळ खाली येतो. शेजारचा ‘रोरर’ म्हणजे गर्जना करणारा. तो खडकांवर आदळत राजाकडे धाव घेतो. ‘रॉकेट’मधून पाण्याचे बाण सुटतात. ‘राणी’ मात्र शुभ्र फेसाचा पदर सावरीत हळुवार उतरते. क्षणभरात पुन्हा पडदा पडतो.

हाच प्रवासी उन्हाळ्यात आला, तर त्याला समोर दिसतो उघडा काळा कडा आणि त्यावर पाण्याच्या एक-दोन बारीक रेषा. मग नदी गेली कोठे? उन्हाळ्यात धारा पूर्वीही रोडावत; परंतु १९६४ साली धबधब्याच्या वरच्या अंगास लिंगनमक्की येथे धरण बांधून झाले आणि शरावतीचे पाणी तेथे अडविले जाऊ लागले. ते पाणी मोठमोठ्या नळांतून उतारावरून सोडतात व त्याच्या वेगाने वीज निर्माण करतात. जी शक्ती खडकावर आदळून तुषार होऊन जात असे, तीच आता तारांतून दूरदूरच्या गावी जाते, घरोघर दिवे लावते, कारखान्यांतील यंत्रे फिरविते. या प्रकाशाचे मोल एकट्या धबधब्याने दिलेले नाही. जलाशयात अनेक गावे बुडाली. तेथील माणसांना आपली घरे, शेते व देवळे सोडून जावे लागले.

चांगला पाऊस होऊन जलाशय भरला, की धरणाचे दरवाजे उघडतात आणि राजा पुन्हा आपल्या सिंहासनावर येतो. त्या वेळी त्याचे वैभव डोळे भरून पाहावे. आणि घरी परतल्यावर दिव्याची कळ दाबताना उन्हाळ्यातील तो उघडा कडाही आठवावा.

स्वाध्याय

१. धबधब्याच्या चार धारांना ती नावे का शोभतात?
२. उन्हाळ्यात कडा उघडा का दिसतो?
३. ‘या प्रकाशाचे मोल एकट्या धबधब्याने दिलेले नाही,’ असे का म्हटले आहे?