यानाला दार कुठंय?

आठ महिने राबून मी परग्रहवासीयांचं एक यान बांधलं. ते एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर उतरायचं होतं, पण माझ्या हार्ड डिस्कमध्येच त्याचा निकाल लागला. दोष सगळा माझा. तरी हल्ली ओळखीची दोन-तीन पोरं ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर शिकताना बघतो आणि तीही त्याच खड्ड्याकडे निघालेली दिसतात, म्हणून हे लिहायला बसलो.

मी विश्रांतवाडीत राहतो, आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. दिवसा भोसरीच्या एका वर्कशॉपसाठी जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग काढतो. स्क्रीनवर त्रिमिती आकार उभे करणं हा रोजचाच धंदा, त्यामुळे अंगात मस्ती होती. ओळखीच्या एका संपादकांनी विज्ञानकथा विशेषांक काढायचं ठरवलं आणि मी फोनवरच शब्द देऊन मोकळा झालो, "कव्हरची काळजी सोडा, यान मी करतो." ब्लेंडरला पैसे पडत नाहीत. २००२ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. शिकवणारे व्हिडिओ तर पोत्याने आहेत.

पहिल्या रात्री मी काय केलं? एक झडप केली. मग तिला जोडणारा पाइप, पाइपला फ्लँज, फ्लँजला आठ बोल्ट. बोल्टला आटेसुद्धा पाडले! फिक्श्चर करणाऱ्या माणसाला बोल्टशिवाय झोप येत नाही. चौथ्या महिन्यापर्यंत असे हजारावर तुकडे झाले होते आणि ते एकमेकांना चिकटवत गेलो की यान आपोआप होईल, अशी माझी समजूत होती. जूनमध्ये कच्चं चित्र पाठवलं. संपादकांचा फोन आला, "अहो, हे यान आहे की चकलीचा सोऱ्या?"

मला राग आला. पण त्याच संध्याकाळी मुलगी मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "बाबा, ह्याचं दार कुठंय?"

दार नव्हतं. आत कोण बसतं, त्याला हात किती, तो उभा राहतो की तरंगतो, ह्यातलं काहीही मी ठरवलं नव्हतं. यान तीस मीटरचं आहे की तीन किलोमीटरचं, हेही सांगता येईना.

त्याच आठवड्यात माउलींची पालखी आमच्या रस्त्याने पुण्याकडे गेली. दरवर्षीसारखा गॅलरीतून बघत होतो. लांबून नुसता चांदीचा चकाकता ठिपका दिसतो, तो रथ केवढा आहे काही कळत नाही. मग पुढची बैलजोडी दिसते, बाजूने चालणारी माणसं दिसतात आणि रथाची उंची एकदम डोळ्यात भरते. माझ्या यानाला बैलजोडी नव्हती. तेव्हा पहिलं काम हे करा: फाईल उघडल्याबरोबर पावणेदोन मीटर उंचीचा एक ठोकळा-माणूस उभा करा आणि शेवटपर्यंत काढू नका. दार, शिडी, खिडकी, ह्यांतलं काहीतरी एक त्याच्या मापाचं हवं. परग्रहवासी निराळ्या उंचीचा असेल तर त्याचाही ठोकळा शेजारी ठेवा.

दुसरं काम, सगळं यान काळं करून पांढऱ्या पडद्यावर बघा. नुसत्या सावलीवरून ते ओळखू आलं तरच बोल्टकडे वळायचं. माझी सावली केराच्या डब्यासारखी दिसली.

आता थोडं विषयांतर, पण ते मला फार आवडतं. १९७७ साली स्टीव्हन स्पीलबर्गचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' आला. त्यातला भारतातला प्रसंग आपल्या खोपोलीजवळच्या हाळ गावात चित्रित झाला आहे. शेवटी उतरणारं ते अवाढव्य दिव्यांचं यान आधी असं नव्हतं. भारतातल्या ह्या मुक्कामात रात्री दिव्यांनी लखलखलेला एक तेलशुद्धीकरण कारखाना स्पीलबर्गच्या नजरेत भरला आणि यानाचं रूप त्यावरून बदललं. म्हणजे जगाने पाहिलेल्या सर्वांत देखण्या परग्रही यानाचं बीज पाइप, मनोरे आणि बल्ब ह्यांत आहे! ग्रेग जीन ह्यांच्या चमूने त्याची प्रतिकृती बांधली, ती आज अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्यावर एक चिमुकली टपालपेटी आणि 'स्टार वॉर्स'मधला आर-टू-डी-टू चिकटवलेला आहे, कारागिरांची गंमत म्हणून.

पाइप तर माझ्याकडेही होते. पण स्पीलबर्गने आधी रात्रीच्या अंधारातला एक झगमगता डोंगर पाहिला, पाइप मागाहून आले. इंटरनेटवरची दुसऱ्यांची यानं बघून यान करू नका, त्याने पाचव्या हाताची कॉपी होते. आमच्या डोक्यावरून लोहगावची सुखोई जातात. गच्चीवरून त्यांचं पोट बघा, हवा आत घेणारी तोंडं बघा, पत्र्यांचे सांधे कुठे येतात ते बघा. मात्र पंख उचलू नका. अंतराळात हवाच नाही तर पंख धरणार कशाला? तिथं खरी अडचण उष्णतेची असते. वाऱ्याने गार होण्याची सोय नाही, उष्णता किरणांच्या रूपानेच बाहेर टाकावी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला त्यासाठी मोठाले पांढरे पत्रे आहेत. '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या यानालाही असे पत्रे योजले होते, पण प्रेक्षकांना ते पंख वाटतील म्हणून काढले. तुम्ही ठेवा. यानाला कारण मिळतं, आणि आकारही.

आता माझी खरी फजिती. ऑगस्टमध्ये मी नव्याने सावली बसवली, दार केलं, यान बऱ्यापैकी दिसायला लागलं. एका रात्री कडा गुळगुळीत करायच्या म्हणून सगळे तुकडे एकत्र जोडले आणि त्यावर सबडिव्हिजन तीन पायऱ्यांनी चढवून कायमचं लागू केलं. ह्यात प्रत्येक पायरीला पृष्ठं चौपट होतात. माझी पाच लाख होती. चार वेळा चार वेळा चार म्हणजे चौसष्ट पट, झाली तीन कोटी वीस लाख. हे गणित दुसरीतल्या पोराला येईल, मला रात्री दीड वाजता आलं नाही. सेव्ह केलं, झोपलो. सकाळी फाईल उघडेना. सोळा जीबीचा लॅपटॉप पंखा फिरवत नुसता धापा टाकत होता. ब्लेंडर आधीची एक प्रत आपणहून ठेवतं, ती सोय मी जागा वाचवायला बंद केली होती. आठ महिने एकच फाईल, तिचं नाव 'यान फायनल'.

'फायनल' हे नाव कशालाच देऊ नका. रोज नवा आकडा घाला, जुनी प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका. सबडिव्हिजन लागू न करता तसंच राहू द्या, पाहिजे तेव्हा कमी करता येतं. एकसारखे बोल्ट हजार हवे असतील तर शिफ्ट-डी दाबून नकला काढू नका, ऑल्ट-डी वापरा. मग सगळे एकाच साच्यातून निघतात आणि फाईल फुगत नाही.

हातात उरलं होतं जुलैतलं एक चाचणीचं चित्र, १२८० बाय ७२० चं. नाइलाजाने तेच पाठवलं. ए-फोर कव्हर नीट छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल तरी लागतात. प्रूफमध्ये यान धुरकट आलं आणि इंजिनाचा तो निळा झगझगीत उजेड जांभळट मातकट झाला. स्क्रीनवर उजेडाचे रंग असतात, छापखान्यात शाईचे, आणि तसला निळा चार शाईंतून निघतच नाही. तेव्हा पहिल्याच महिन्यात छापखान्याकडून एक प्रूफ काढून घ्या. चारशे-पाचशे रुपये गेले तरी चालतील.

अंकावर शेवटी दुसऱ्याच चित्रकाराचं पोस्टर कलरमधलं चित्र आलं. त्यातल्या यानाला एकही पाइप नव्हता. दार होतं, अर्धवट उघडं, आणि पायरीवर एक चप्पल.