विनंत्यांच्या यादीपलीकडे : देवाबरोबरचे नाते खोल कसे होते?

पुण्याहून बेंगळुरूकडे निघालेली उद्यान एक्सप्रेस दौंडच्या आधी केडगाव हे लहानसे स्टेशन ओलांडते. डब्यातल्या बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही कितीतरी वेळा त्या स्टेशनावरून गेलो. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथेच आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ज्या वर्षी ते ध्यानात आले, त्या वर्षी माझे प्रार्थना-जीवन अगदी कोरडे पडले होते.

कोरडे म्हणजे मी प्रार्थना करत नव्हतो असे नाही. रोज करत होतो. माझ्याकडे एक वही होती. डावीकडे विनंती, उजवीकडे तारीख, आणि उत्तर मिळाले की बरोबरची खूण. आईची गुडघेदुखी, बहिणीचे लग्न, बढती, भाड्याच्या घराचे डिपॉझिट (बेंगळुरूत राहणाऱ्यांना हा विषय प्रार्थनेचा का होतो, हे सांगायला नको). एका रात्री पाने चाळताना दिसले की त्या संपूर्ण वहीत देवाविषयी एक ओळही नाही. मी पुष्कळ मागितले होते, त्यातले काही मिळालेही होते. पण ज्याच्याकडे मागत होतो, त्याला भेटायला मी गेलोच नव्हतो.

प्रियांनो, तुमचीही अवस्था अशी असेल तर रमाबाईंच्या जीवनातील एक गोष्ट आपण नीट पाहू या.

आठ वर्षे

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्या संस्कृत पंडिता होत्या, वाचन अफाट होते, आणि ख्रिस्ती धर्माचा अभ्यास त्यांनी मनापासून केला होता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या विश्वासात काही उणे दिसले नसते. तरीही पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो अजून सापडलेला नाही. त्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हा पाळक अनेक वर्षे सेवा केल्यानंतर, स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःच उपदेश करत असताना पालटला होता.

मला ही आठ वर्षे फार महत्त्वाची वाटतात. रमाबाईंनी आपले ज्ञान किंवा आपली सेवा यांच्या आड लपून राहणे पसंत केले नाही. आपण काय करतो? प्रार्थना रुक्ष झाली की वेळ वाढवतो, नवे ॲप घेतो, वर्षभरात शास्त्र वाचून काढण्याचा तक्ता भिंतीला लावतो. या गोष्टी वाईट नाहीत. पण ओळखच नसेल, तर शिस्त वाढवून ओळख होत नाही. आधी प्रामाणिकपणे म्हणावे लागते, "प्रभू, मी तुझ्याविषयी जाणतो, पण तुला जाणत नाही." ही प्रार्थना लहान आहे, आणि मंडळीत वाढलेल्या माणसाला ती सर्वांत अवघड जाते.

प्रभू पहाटे कशासाठी गेला?

मार्क १:२९-३९ काढा. कफर्णहूमातला तो दिवस कसा होता पाहा. सभास्थानात शिक्षण, अशुद्ध आत्म्याची सुटका, मग शिमोनाच्या सासूचा ताप, आणि सूर्य मावळल्यावर सारे गाव दारापाशी जमलेले. अशा रात्रीनंतर कोणीही उशिरापर्यंत झोपला असता. प्रभू येशू मात्र अंधार असतानाच उठून एकांतात गेला व तेथे प्रार्थना करत राहिला.

पुढचा भाग आपण घाईने वाचतो. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुला शोधत आहेत. कामाची, यशाची, लोकांच्या अपेक्षांची ही हाक होती. प्रभू कफर्णहूमात परत जात नाही. आसपासच्या इतर गावांना जायचे ठरवतो. पित्याबरोबर घालवलेल्या त्या वेळेनंतर लोकांची मागणी आणि पित्याची इच्छा यांतला फरक त्याच्यापुढे स्पष्ट आहे. ऑफिसचे मेसेज वाचून दिवस सुरू करणारा माणूस हा फरक ओळखू शकत नाही, कारण सकाळी सहालाच सगळे त्याला शोधत आलेले असतात.

म्हणून ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा लागते. दानीएलाची खिडकी ठरलेली होती आणि दिवसातून तीन वेळा ठरलेल्या होत्या. राजाचा हुकूम निघाल्यावर त्याने नवे काही केले नाही, पूर्वी करत होता तेच केले (दानीएल ६:१०). सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकल्यावर प्रार्थना करावी, जरूर करावी. पण दिवसभरात देवासाठी तेवढीच वेळ उरत असेल, तर आपण त्याला इतर कशालाही न लागणारा वेळ देत आहोत.

आपल्या भाषेत

येथे बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी भावंडांसाठी थोडे वेगळे सांगतो. ऑफिसात इंग्रजी, रिक्षात मोडकी कन्नड, रविवारी उपासनाही बहुतेक इंग्रजीत. माझ्या प्रार्थनाही हळूहळू इंग्रजी झाल्या होत्या आणि त्यांतले निम्मे शब्द दुसऱ्यांकडून ऐकलेले होते. ज्या दिवशी मी पुन्हा "बापा" म्हणून सुरुवात केली, त्या दिवशी पुढे काय बोलावे ते सुचेना. तो गप्प राहण्याचा प्रसंग मला बरा वाटला, कारण उसने शब्द संपले होते. काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्या दुर्बलतेत साहाय्य करतो, हे रोम ८:२६ मधले अभिवचन मी तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचले.

रमाबाईंनी हे फार आधी ओळखले होते. साध्या, कमी शिकलेल्या स्त्रियांना देवाचे वचन आपल्या बोलीत कळावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या, तोवर ते काम हातावेगळे झाले होते. तेव्हा मराठी पवित्र शास्त्र उघडा. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय तर बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावरच आहे. मिळत नाही ही सबब इथे चालणार नाही. एक लहान उतारा घ्या, तो मोठ्याने वाचा आणि त्यातल्याच शब्दांचा धागा धरून देवाशी बोला. वचन आणि प्रार्थना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवू नका.

उपासाविषयी एवढेच म्हणेन की यशया ५८ वाचल्याशिवाय तो करू नये. देवाला प्रिय असा उपास कोणता, हे तेथे स्पष्ट आहे, आणि त्यात शेजारचा भुकेला माणूसही येतो.

जानेवारी ते जून

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीतल्या मुलींना संजीवनासाठी रोज एकत्र प्रार्थना करण्यास बोलावले. ७० जणी पुढे आल्या. संख्या वाढत गेली आणि जूनच्या अखेरीस, संजीवन सुरू झाले तेव्हा, सुमारे ५५० जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. त्या जूनमध्ये पश्चात्तापाची जी लाट आली तिच्याविषयी आपण उपदेशांत पुष्कळ ऐकतो. मला मात्र फेब्रुवारी, मार्च, एप्रिल यांचे कुतूहल वाटते. दुष्काळातून आलेल्या त्या मुली, दळणकांडण, शाळा, शेत सांभाळून रोज येऊन बसत होत्या.

तुमच्या पीजीमध्ये, सोसायटीत किंवा मंडळीत असा एक तरी सोबती शोधा. दोघे पुरेत. एकट्याने केलेला निश्चय चौथ्या दिवशी मोडतो. माझा तर तिसऱ्याच दिवशी मोडला होता, आणि मग एका मित्राने रोज पहाटे साडेपाचला फोन करायचे कबूल केले. काही सकाळी आम्ही दोघेही फक्त जांभया देत होतो. पापाची कबुलीही याच सोबतीत होऊ लागली, हे मी अपेक्षिले नव्हते.

या आठवड्यासाठी

मार्क १:२९-३९ हाच उतारा चार सकाळी वाचा. पहिली दहा मिनिटे काहीही मागू नका. या उताऱ्यात प्रभू कसा दिसतो ते वहीत डाव्या बाजूला लिहा आणि ते त्यालाच बोलून दाखवा. उजवी बाजू कोरी असू द्या. विनंत्या त्यानंतर मोकळ्या मनाने मांडा. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले आहे. पाचव्या दिवशी सोबत्याला वही दाखवा, आणि कोणत्या सकाळी काहीच लिहिता आले नाही, तेही सांगा.