दीड हजारात गळ आणि दोरी

तलावावर गरवायला जायचं ठरलं की दुकानात पहिला हात रॉडवर जातो. माझं ऐका, आधी गळ आणि दोरी चांगली घ्या.

सुरुवातीला दहा-बारा फुटी बांबूची काठी पुरते, साधारण १०० रुपयांची. ०.३० मिमीची १०० मीटर नायलॉन दोरी १०० ते १५० रुपये, दहा गळांचं पाकीट ४०-५०, तरंगी आणि शिसं मिळून ५०. आमिष घरचंच: कणकेची गोळी, नाहीतर गांडूळ. झाले ३५० रुपये. लांब फेकायचं असेल तर काठीऐवजी फायबरचा साधा रॉड आणि रीळ, दोन्ही मिळून हजार-बाराशेत. पहिल्या वर्षी याहून महाग काही नको. दोरी मात्र दर हंगामाला बदला. उन्हानं नायलॉन कमजोर होतं आणि मोठा कटला नेमका काठाशी आल्यावर ती तुटते.

तरंगी किती खोल बांधायची, ते माशाच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं डोकं भलं मोठं, खालचा जबडा वर वळलेला, कारण तो वरच्या पाण्यातलं खातो. रोहूचं डोकं लहान, तोंड खाली झुकलेलं. खालच्या ओठावरून बोट फिरवलंत तर कातरलेली झालर लागते. तो मधल्या थरात फिरतो. मृगळ सडपातळ, रुपेरी, तळाशी चरणारा. त्याच्यासाठी आमिष जमिनीला टेकलं पाहिजे.

मरळीचं डोकं सापासारखं असतं. उजनीकडची चिलापी, म्हणजे तिलापिया, पाठीवरच्या काट्यांनी ओळखावी; धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून काटे दाबून घ्या. शिंगाळ्याला खवले नसतात, मिशा असतात, आणि कल्ल्यामागचा काटा लागला तर हात बराच वेळ ठणकतो. गळ सोडवायला शंभरेक रुपयांची नोज प्लायर जवळ हवीच.

बहुतेक तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी परवानगी घ्या, पैसे भरले तर पावती मागा.

जाड ओठ, दोन जोड्या मिशा आणि रुपयाएवढे मोठे खवले दिसले, तर तुमच्या हातात खडशी, म्हणजे महासीर आहे. दख्खनच्या या माशाचं शास्त्रीय वर्णन साईक्सनं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. महाडजवळ वाळणकोंडात तिला देवाचा मासा मानतात, तिथे कुणी गळ टाकत नाही. इतरत्र लागलीच, तर हात ओले करून गळ काढा आणि तिला पाण्यात सोडा.