जुना सीपीयू, रुंद पडदा आणि पसरलेली अक्षरं

प्रश्न : दिंडोशीच्या न्यायालयाजवळ माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, मधूनच एखादी लग्नपत्रिका. विंडोज एक्सपीचा जुना संगणक अजून जपून ठेवलाय, कारण मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि त्याचं हार्डवेअर लॉक त्याच मशीनवर चालतं. जुना डबा मॉनिटर बंद पडला म्हणून नवा बावीस इंची घेतला आणि निळ्या पिनेच्या केबलने जोडला. चित्र येतं, पण अक्षरं आडवी पसरलेली, फोटोतले चेहरे फुगलेले आणि सगळंच जरा पुसट. मॉनिटर सदोष आहे का? आणि हे पडदे एवढे रुंद केले तरी कशाला?
— एक वाचक, दिंडोशी, मालाड (पूर्व)

उत्तर : मॉनिटर ठणठणीत असणार. पण आधी एक कळकळीची विनंती. चेहरा फुगलेला दिसतो म्हणून फोटो फाइलमध्ये ओढून अरुंद करू नका. प्रिंटर पडद्याकडे पाहत नाही, फाइलमधल्या मापांकडे पाहतो. पडद्यावर नीट दिसेपर्यंत दाबलेला फोटो कागदावर काटकुळा निघेल आणि पत्रिकेवरच्या गणपतीचंही तेच होईल. तुमच्या फाइली आजही बरोबर आहेत, चूक फक्त दाखवण्यात आहे. शंका वाटली तर एक वर्तुळ काढून छापा आणि पट्टीने उभं-आडवं मोजा.

आता हिशोब. तुमचं जुनं मशीन बहुधा 1024 गुणिले 768 ठिपक्यांचं चित्र पाठवतंय, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण 4:3. नव्या पडद्यावर सहसा 1920 गुणिले 1080 ठिपके असतात, प्रमाण 16:9. 1080 उंचीच्या 4:3 चित्राला 1440 ठिपक्यांची रुंदी पुरते, 480 उरतात. ती जागा काळी न ठेवता मॉनिटर चित्र ताणून भरतो. त्यामुळे प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते. 3 सेंटिमीटर उंचीचं वर्तुळ 4 सेंटिमीटर रुंद दिसतं. हा फरक मोठा आहे, तुमच्या डोळ्यांनी बरोबर टिपलाय.

पुसटपणाचं कारण वेगळं. डबा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळी ओढत असे, म्हणून कमी-जास्त ओळींचं चित्र तो सहज सामावून घेई. एलसीडीचे ठिपके मात्र कारखान्यातच ठरलेले असतात. 768 ओळी 1080 ओळींवर बसवायच्या म्हणजे एकेका ओळीच्या वाट्याला सुमारे 1.4 ओळी येतात. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून मॉनिटर शेजारच्या रंगांचं मिश्रण करतो. देवनागरीत हे सगळ्यात आधी शिरोरेषेवर जाणवतं, कारण ती एका ठिपक्याची बारीक रेघ दोन ओळींत फिकट पसरते.

पडदे रुंद का झाले ही गोष्ट तुमच्या शेजारूनच सुरू करू. गोरेगावच्या चित्रनगरीला ज्या दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे, त्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तो याच 4:3च्या चौकटीत. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी 1890च्या दशकात 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्राला कडेच्या चार छिद्रांची उंची दिली, त्यातून हे प्रमाण आलं. पुढे टीव्हीने ते सिनेमाकडून घेतलं आणि संगणकाने टीव्हीच्या नळीकडून. टीव्ही घरोघरी पोहोचू लागल्यावर हॉलिवूडने प्रेक्षक खेचायला पडदा रुंदावला आणि 1953 साली सिनेमास्कोप आणला. आपल्याकडे गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’ (1959) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातली युक्ती तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडते. कॅमेऱ्याचं भिंग रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवी आणि थिएटरमधलं भिंग ते तेवढंच ताणून पुन्हा मूळ रुंदीला आणी. तुमचा मॉनिटर यातलं दुसरं काम करतोय, पण पहिलं कुणी केलेलंच नाही. न दाबलेलं चित्र ताणलं की माणसं फुगणारच.

1980च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स यांनी सिनेमा-टीव्हीच्या वेगवेगळ्या चौकटी समान क्षेत्रफळाच्या करून एकमेकींवर ठेवून पाहिल्या आणि सगळ्यांना सोयीचं म्हणून 16:9 सुचवलं. एचडी टीव्हीने ते स्वीकारलं. 2008च्या सुमारास मॉनिटरवाल्यांनीही तेच धरलं, कारण टीव्ही आणि संगणकाचे पॅनेल एकाच मापात काढणं स्वस्त पडतं. म्हणजे हे माप ठरलं ते चित्रपट पाहणाऱ्यांसाठी. उभ्या कागदावर टायपिंग करणाऱ्याची गरज त्यात कुणी धरली नव्हती, आणि मला ते आजही खटकतं.

उपाय असा. आधी एक्सपीत डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज इथे जाऊन 1920 गुणिले 1080 मिळतं का पाहा. मिळालं तर फुगवटा आणि पुसटपणा दोन्ही एका फटक्यात जातील. अक्षरं लहान दिसतील, तेवढी फाइल झूम करून काम करा. यादीत ते नसेल तर ग्राफिक्स चिपचा मूळ ड्रायव्हर टाकून पाहा. विंडोजचा साधा ड्रायव्हर बहुतेक वेळा 4:3चीच मापं देतो.

तरीही जमलं नाही तर मॉनिटरच्या बटणाने मेन्यू उघडा आणि ‘आस्पेक्ट’ किंवा ‘4:3’ हा पर्याय निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. काही ड्रायव्हरांमध्येही प्रमाण राखण्याचा पर्याय असतो, पण निळ्या पिनेवर त्याचा भरवसा नाही, तिथे ताणायचं की नाही हे मॉनिटरच ठरवतो. निळ्या पिनेची ही व्हीजीए जोडणी आयबीएमने 1987 साली आणली. तिच्या सिग्नलमध्ये आडवे ठिपके किती हे सांगितलेलंच नसतं. मॉनिटर ओळी आणि त्यांचा वेग मोजून अंदाज बांधतो. 1024 गुणिले 768 आणि 1360 गुणिले 768 या दोन्हींत ओळी 768च, म्हणून कधी अंदाज चुकतो. कडा कापलेल्या किंवा चित्र सरकलेलं दिसलं तर ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ दाबा.

पुढे कधी फक्त एचडीएमआयचा मॉनिटर घ्यावा लागला, तर कन्व्हर्टरची दिशा तपासून घ्या. तुम्हाला व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा हवा. नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडायचा, तो उलट दिशेचा. दिसायला सारखा, पण तुमच्या कामाचा नाही. आणि मॉनिटर बदलण्याआधी रिफ्रेश रेट 60 हर्ट्झवर आणून ठेवा. डबा मॉनिटरसाठी ठेवलेला 85 हर्ट्झ पुष्कळ नव्या पडद्यांना पेलत नाही. ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी दिसली, तर मशीन सुरू होताना एफ-8 दाबून ‘एनेबल व्हीजीए मोड’ निवडा आणि तिथून दर उतरवा.