पाणबुड्यांचे श्वासयंत्र : देखभालीचा खर्च आणि खानदेशातील बचावकार्य

तापी, गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांनी खानदेशाला केळी आणि कापूस दिला, त्याचप्रमाणे दरवर्षी काही बळीही घेतले. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की भुसावळपासून खाली तापीकाठच्या गावांना सावधगिरीचे इशारे दिले जातात. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, तेथे धरणाच्या फुगवट्याचे पाणी संथ दिसते. पण त्याचा तळ गाळाचा असतो. रावेर-यावल पट्ट्यातील खोल विहिरींचा धोका निराळाच. अशा ठिकाणी बुडालेल्या माणसाचा शोध पिढ्यान् पिढ्या गावातील पट्टीचे पोहणारे केवळ छातीतील श्वासावर घेत आले. आता त्यांच्या जोडीला शासकीय पथके येतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळे येथे व दुसरी नागपूर येथे आहे.

या कामातील धोका किती खरा आहे, हे मे २०२४ मध्ये दिसून आले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना धुळ्याच्या पथकाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा श्वासयंत्राशी संबंध नव्हता. तथापि, वाचविण्यास जाणाऱ्याच्या जिवाची जबाबदारीही व्यवस्थेवरच असते, आणि पाण्याखाली उतरणाऱ्याच्या बाबतीत ती जबाबदारी हाताच्या मुठीत मावेल एवढ्या एका यंत्रावर येऊन ठेपते. हे यंत्र म्हणजे रेग्युलेटर होय.

पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्यात हवा साधारणतः २०० बार दाबाने भरलेली असते. तेवढ्या दाबाची हवा माणसाला श्वासात घेता येणार नाही. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवितो. नळकांड्याला जोडलेला पहिला टप्पा तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक इतक्यावर आणतो. तोंडात धरावयाचा दुसरा टप्पा, पाणबुडा श्वास ओढील तेव्हाच व तेवढीच हवा, भोवतालच्या दाबाने देतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी हे साधन व्यवहारात आणले. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालविण्यासाठी गान्यां यांनी एक झडप तयार केली होती. तीच पुढे पाण्याखाली उपयोगी पडली.

शाळेतील विज्ञान शिक्षकांना येथे एक चांगले गणित मिळू शकेल. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर पृष्ठभागावर ती १२० मिनिटे पुरेल. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून ६० मिनिटे. २० मीटरवर तिप्पट, म्हणून ४० मिनिटे. राखीव साठा वगळला की प्रत्यक्ष वेळ आणखी कमी. श्रमाने व भीतीने श्वास जलद झाला, तर ती निम्म्यावरही येते.

एवढ्या बारीक कामाच्या यंत्रात रबरी कड्या, लहान स्प्रिंगा, पडदे आणि झडपेची मऊ बैठक असते. या भागांची झीज उपयोगाने होते, तशीच नुसत्या काळानेही होते. ‘वापरलाच नाही, मग बिघडेल कसा?’ हा प्रश्न भांडारात नेहमी ऐकू येतो आणि त्याचे उत्तर खानदेशच्या हवेत आहे. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली किंवा उभ्या वाहनात ठेवलेल्या यंत्राचे रबर कडक होते, बैठकीवर झडपेचा ठसा उमटतो आणि पहिला टप्पा दाब धरून ठेवीनासा होतो. दाबमापकाचा काटा स्थिर न राहता हळूहळू वर चढू लागला, तर हा दोष ओळखावा.

दुसऱ्या टप्प्याची झडप बहुधा अशा रचनेची असते की बिघडल्यास ती बंद न पडता उघडी राहते. हवा तुटत नाही; उलट भसाभसा वाहू लागते. निर्मळ पाण्यात सोबत्याजवळ जाण्यास एवढा अवधी पुरू शकतो. तापीच्या गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचेही दिसत नाही, आणि भरलेले नळकांडे काही मिनिटांत रिकामे होते.

बहुतेक उत्पादक वर्षातून एकदा किंवा सुमारे १०० बुड्यांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, यंत्राची तपासणी करण्यास सांगतात. काहींनी संपूर्ण उकल दोन वर्षांनी केली तरी चालेल असे ठरविले आहे. उकल म्हणजे यंत्र सुटे करणे, सौम्य आम्लद्रावणात श्राव्यातीत ध्वनिलहरींनी स्वच्छ करणे, कड्या, बैठका व गाळण्या बदलणे, योग्य वंगण लावून जोडणी करणे आणि शेवटी दाब जुळवून पाहणे. मजुरी बहुधा प्रत्येक टप्प्यास वेगळी आकारली जाते. पहिला टप्पा, मुख्य दुसरा टप्पा आणि संकटकाळासाठी जोडलेला जादा दुसरा टप्पा, असे एका संचाचे तीन टप्पे होतात. अंदाजपत्रक ‘एक रेग्युलेटर, एक सर्व्हिसिंग’ असे धरून केले, तर ते येथेच चुकते.

सुट्या भागांचा खर्च त्याहून निराळा. हे भाग बहुतांशी परदेशी बनावटीचे असल्याने मागविण्यास वेळ लागतो. एका बनावटीचे भाग दुसऱ्यास चालत नाहीत. म्हणून पथकात चार बनावटींचे चार संच असणे ही खरेदीच्या वेळी वाटणारी काटकसर पुढे महाग पडते. काही उत्पादक दरवर्षी नियमित तपासणी करून घेणाऱ्यास भाग विनामूल्य देत आले आहेत, पण एक वर्ष चुकले की ही सवलत जाते. म्हणजे तपासणीची नोंदवही हीदेखील पैशाची बाब आहे.

तिसरा खर्च अंतराचा. अशा साधनांचा नित्य वापर कोकण किनाऱ्यावर होतो. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. धुळ्याहून मालवणकडे संच पाठविणे, तो परत येईपर्यंत पथकाचे काम अडणे आणि त्यासाठी जादा संच बाळगणे, हे सर्व देखभालीच्या हिशेबात धरले पाहिजे. साधनाची खरेदी एका शीर्षाखाली होते आणि देखभाल दुसऱ्या शीर्षाखाली मागावी लागते. म्हणून पहिल्याच प्रस्तावात पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखविणे श्रेयस्कर.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. वारंवार उकल केल्याने जोडणीत चूक होण्याची शक्यता वाढते. म्हणून दाब व झडप नियमित तपासावी आणि दोष दिसला तरच यंत्र उघडावे, असे अनेक अनुभवी पाणबुडे म्हणतात. स्वतःच्या यंत्रावर स्वतः उतरणाऱ्यास हे परवडते. शासकीय पथकात मात्र साधन एकाचे आणि उतरणारा दुसरा असतो, बदल्या होतात, आणि कोणत्या यंत्राचा हात कसा लागतो याची आठवण कोणाकडेच राहत नाही. तेथे मुदतीचा नियमच बरा. त्याच्या जोडीला दरमहा दाबमापकाने चाचणी व्हावी.

पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली लहान गाळणी पुष्कळ काही सांगते. ती हिरवट झाली असेल, तर आत पाणी शिरले आहे. गंजासारखा रंग नळकांड्यातून आलेला असतो. काळेपणा दिसल्यास हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या कोळशाच्या गाळणीकडे पाहावे. नळकांड्याची जलदाब चाचणी हा निराळा विषय असून तो गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांच्या कक्षेत येतो. त्या नियमांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

खर्च कमी करणारी मोठी गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे स्वच्छ पाणी. वापरानंतर पहिल्या टप्प्याचे झाकण घट्ट बसवून यंत्र गोड्या पाण्यात भिजवावे. भिजत असताना दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये, नाहीतर पाणी नळीतून आत जाते. समुद्राचे मीठ नाही म्हणून हे टाळू नये. गिरणेचा वा तापीचा बारीक गाळ श्वास सोडण्याच्या पडद्याखाली अडकला, की पुढच्या बुडीत तोंडात पाणी येते. नंतर यंत्र सावलीत वाळवून थंड खोलीत ठेवावे. उकलीसाठी संच पाठवावयाचे ते डिसेंबर-जानेवारीत, निम्मे-निम्मे करून. म्हणजे पहिला पूर येण्यापूर्वी सर्व परत येतात आणि त्यांची चाचणी घेण्यास मे महिना हाताशी राहतो.